ऑक्सिजनचा नॉब

सोलापुरात कुणाचं बाळ सातव्या महिन्यात झालं की नातेवाईक फोनवर एकच सांगतात, "बाळ काचेत ठेवलंय." सिव्हिल असो नाहीतर खाजगी, बार्शी, मोहोळ, अक्कलकोटहून, पार कर्नाटकच्या हद्दीतून आलेली माणसं बाहेर बसून असतात, आत काचेत नेमकं काय चाललंय ते त्यांना निवांत कोण सांगणार.

तर आत हे चाललंय. मॉनिटरवरचा हा आकडा बघा, ९३. हे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेऊन फिरतंय ते, बाळाच्या पायाला गुंडाळलेल्या त्या लाल दिव्याच्या प्रोबनं मोजलेलं. आणि हा दुसरा आकडा, ३०. नाकातल्या नळीतून जाणाऱ्या हवेत ३० टक्के ऑक्सिजन आहे, आपण घेतो त्या हवेत २१ असतो. पहिला आकडा साधारण ९१ ते ९५ मध्ये राहावा म्हणून दुसरा कमीजास्त करत राहायचं, ऐकायला किती सोपं.

पण अपुऱ्या दिवसांचं बाळ मधेच श्वास घ्यायचंच थांबतं. ९३ चे ७० होतात, अलार्म वाजतो, सिस्टर पळत येते, तळव्याला टिचकी मारते, ऑक्सिजन वाढवते, बाळ परत श्वास घेतं. खरी गडबड इथून पुढं. तोवर पलीकडच्या बाळाचा अलार्म सुरू, ही तिकडं पळते, यंत्रमागावर एकच कामगार तीन-चार माग बघतो आणि इकडं धागा जोडेपर्यंत तिकडं तुटतो ना तसं, आणि या बाळाचा नॉब वाढवलेलाच राहतो. सॅच्युरेशन ९९, १००. बाळ छान गुलाबी दिसतं, मग घाई कुणाला? आणि १०० च्या पुढं आकडा जातच नाही, त्यामुळं ऑक्सिजन किती जादा झालाय तेही कळत नाही.

हा जादा ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्यावर निघतो. तिथल्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात, त्या बिघडतात, यालाच आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रिमॅच्युरिटी) म्हणतात. १९४० च्या दशकात आणि १९५० च्या सुरुवातीला श्रीमंत देशांत सढळ हातानं ऑक्सिजन दिला गेला आणि हजारो मुलं आंधळी झाली, १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ऑक्सिजनकडं दाखवलं. गायक स्टीव्ही वंडर, जन्म १९५०, त्यातलाच.

मग कमीच द्यावा की! तेही करून बघितलंय. २०१० च्या 'सपोर्ट' नावाच्या अमेरिकी ट्रायलमध्ये सॅच्युरेशन ८५ ते ८९ वर ठेवलेल्या बाळांचे डोळे जास्त वाचले, पण बाळं जास्त दगावली. म्हणजे जागा मधली आणि ती पण अरुंद. २००६ च्या एका अभ्यासात चांगल्या सुसज्ज युनिटांतसुद्धा बाळं ठरवलेल्या रेंजमध्ये निम्म्याच्या आसपास वेळ सापडली, यात सिस्टरचा काय दोष, माणूस किती वेळा नॉब फिरवणार.

म्हणून हे ऑटोमॅटिक कंट्रोल. प्रोबचा आकडा सरळ व्हेंटिलेटरमधल्या प्रोग्रॅमकडं जातो, तो बघतो की सॅच्युरेशन किती चुकलंय, किती वेळ चुकलंय आणि कुठल्या वेगानं बदलतंय, आणि त्यावरून ऑक्सिजन कमीजास्त करतो. मला यातलं मोलाचं वाटतं ते वाढवणं नाही, बाळ सावरलं की आठवणीनं खाली आणणं. मायामीच्या टीमनं २००१ मध्येच बाळांवर हे करून दाखवलं होतं, आता काही परदेशी व्हेंटिलेटरमध्ये ते आतच असतं. रेंजमधला वेळ वाढतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्यामुळं अंधत्व किंवा मृत्यू कमी होतात का, हे मात्र अजून पक्कं ठरलेलं नाही.

आणि यंत्र भोळं असतं. बाळानं पाय झाडला, प्रोब सैल झाला की ते चुकीच्या आकड्यावर पळतं. त्याहून वाईट म्हणजे फुफ्फुसं बिघडत चालली तरी गुपचूप ऑक्सिजन ३० चा ४५ करून सॅच्युरेशन ९३ च दाखवत राहील, म्हणून सिस्टरनं आता पहिला नाही, दुसरा आकडा बघायचा.

आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी मुळात हवा आणि ऑक्सिजन मोजून मिसळणारा ब्लेंडरच नसतो, नळीतून सरळ शंभर टक्के, तिथं आधी ब्लेंडर आणि प्रोब आणा, मग कॉम्प्युटर. भारतात थोड्या मोठ्या बाळांनाही आरओपी होतो, त्यामुळं ३४ आठवड्यांच्या आधीचं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून महिन्याच्या आत डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा, अगदीच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ घरी आलं असेल, अंग धरलं असेल, सव्वा महिना झाल्याशिवाय बाहेर काढू नका म्हणून आजी अडून बसली असेल, तरी न्यायचं.