बोरिवलीचा बाक

(पार्ल्यात महिलांच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादून)

मैत्रिणींनो, वाण लुटायची घाई आहे हे मला ठाऊक आहे. पण आधी हात वर करा: इथे येण्याआधी रात्रीच्या जेवणाची सोय कोणकोण लावून आलीय? बघा, जवळजवळ सगळ्याच.

५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा मी फोर्टात नोकरीला होते. आपली म्हणावी अशी अख्खी गाडी मिळाली, फार मोठी गोष्ट होती ती. पण डब्यात काय चालायचं? अंधेरीपर्यंत मेथी निवडून व्हायची, कांदिवलीपर्यंत मटार सोलून. तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली तरी मांडीवर भाजीची पिशवी. लोक याचं अजून कौतुक करतात, आणि ते कौतुक मला खुपतं. दिवसभर राबून आलेल्या बाईला टेकायला जागा मिळाली, तर तिनं डोळे का मिटू नयेत?

एका संध्याकाळी मी बोरिवलीला उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. घरात भांडण नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. उठवतच नव्हतं. डोक्यात मात्र चालूच: गॅसला नंबर लावायचाय, धाकट्याची फी, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, उद्या चतुर्थी, साबुदाणा भिजवायला हवा. गाड्या येत होत्या, जात होत्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "गाडी चुकली का ताई?" म्हटलं, "नाही हो, पोचलेय."

घरी गेल्यावर हे अगदी मनापासून म्हणाले, "सांगायचंस ना, मी मदत केली असती." या "सांगायचंस ना"वरच मला आज बोलायचंय. काय संपलंय ते बघायचं, लक्षात ठेवायचं, योग्य वेळी सांगायचं, झालं का ते पुन्हा विचारायचं. हेच तर काम! हात थकले तर झोपून उठल्यावर बरं वाटतं. डोक्यातली यादी झोपेतही चालू असते.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर भरभर सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली, पण ती नोकरीच्या ताणापुरती. शीण, कामापासून मन तुटणं, हातून धड काही होत नाही असं वाटणं. घरच्या कामाला त्यात जागाच नाही. आणि २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. यादी सांभाळण्यातली मिनिटं वेगळीच.

दमणूक मनाचीच आहे असं धरून चालू नका, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. फारच असह्य झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि मदत मागू नका, अख्खं काम द्या, लक्षात ठेवण्यासकट. मी यांना गॅसचं काम दिलं. पहिल्याच खेपेला नंबर लावायचा राहिला, सिलिंडर भर दुपारी संपला. मला आदल्या आठवड्यापासून कळत होतं, तरी जीभ आवरली. त्या रात्री पोळीभाजी बाहेरून आली. आता सिलिंडर कधी येतो, कधी संपतो, मला पत्ताही नसतो.