तिथी बघून समुद्राला

मंडळी, आपल्याकडं सलग दोन दिवस सुट्टी लागली की निम्मं कोल्हापूर आंबा घाट उतरतं. रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर. सकाळी सहाला निघालं की दहाच्या आत पोचतो, मग त्यात ठरवायचं ते काय, असं वाटतं. बरोबर पाच वर्षांच्या आतलं पोर असेल तर मात्र ठरवावंच लागतं.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही एकाच दिवसात मत्स्यालय, टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग आणि शेवटी भाट्याचा किनारा असा बेत केला. भाट्याला पोचलो तर दिवस बुडालेला आणि पोरगं खांद्यावर गाढ झोपलेलं. समुद्र बघायचा म्हणून आठवडाभर नाचणारं लेकरू समुद्र न बघताच घरी आलं. ते मला आजही लागून राहिलंय. तेव्हापासून आमचं ठरलेलं आहे: एका दिवसात एकच मुख्य ठिकाण, आणि ते म्हणजे समुद्र. अकरा ते चार ऊन असतं, वाळू पाय भाजते. तेवढा वेळ मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा बघा, जेवा आणि पोराला तासभर झोपवा. राजवाडा पुढच्या वेळी.

घाटाचं थोडक्यात सांगते. निघताना मिसळ नको. चुरमुरे, कोरडी बिस्किटं एवढंच द्या. डोळे मोबाईलवर स्थिर आणि शरीर वळणावर हलतंय, याचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. मोबाईल काढून घ्या, पुढचा रस्ता दाखवा, खिडकी थोडी उघडी ठेवा.

आता खरी गोष्ट, भरती-ओहोटीची. कोकणातली माणसं घड्याळाआधी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच पुढं सरकते, म्हणून हा हिशोब जमतो. कृष्ण पक्षातही तिथी पुन्हा एकपासूनच धरायची. वेळ थोडी इकडंतिकडं होते, पण बेत आखायला एवढं पुरतं.

पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं म्हणून लोक घाबरतात. भीती रास्तच आहे. पण हिशोब करून बघा: पंधराची पाऊणपट, भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. नेमकी आपली जायची वेळ! पाणी लांब गेलेलं असतं, ओली सपाट वाळू मिळते. त्या वाळूवर खेकड्यांची बारीक बिळं असतात. प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या मांडलेल्या दिसतात. खेकडा वाळूतलं खाणं चोखून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतो. तीन वर्षांचं पोर उकिडवं बसून अर्धा तास हेच बघतं. बसू द्या. फोटोसाठी उठवू नका.

आपली पोरं रंकाळा तलाव बघत वाढतात. रंकाळ्याचा काठ जागचा हलत नाही, समुद्राचा हलतो. परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते, तिथंच लहान मूल तोल जाऊन बसतं. म्हणून पाणी पोराच्या गुडघ्यापर्यंतच, तुमच्या नव्हे. आणि पोर हाताच्या अंतरावर. ‘लक्ष आहे माझं’ असं लांबून म्हणणं मला अजिबात मान्य नाही. ज्याच्यावर पोर सोपवलं, त्यानं फोन पिशवीत ठेवावा. कपडे लाल किंवा नारिंगी घाला, निळे पाण्यात दिसत नाहीत. मनगटावर पेनानं तुमचा नंबर लिहा. ओहोटीनंतर उधाणाचं पाणी भराभर वर येतं, तेव्हा अंधार पडायच्या आत वाळू सोडा. पावसाळ्यात तर पोरांना पाण्यात नेऊच नका.

समजा, येत्या शनिवारी अष्टमी आहे. संध्याकाळी सहाला भरती, वाळू थोडीच मिळेल. मग त्याच्या पुढच्या शनिवारी पौर्णिमा असेल. तेव्हा निघा, आणि राहायची खोली आजच सांगून ठेवा. दमलेल्या पोराला घेऊन रात्री घाट चढायचा नाही.