पेशींना रविवार कळत नाही

(हातात रिकामा फ्लास्क)

नमस्कार! हा फ्लास्क बघा. यात आम्ही कर्करोगाच्या पेशी वाढवतो. त्यांच्या खाद्याला लॅबमध्ये सगळे मीडियाच म्हणतात. ताजा मीडिया गुलाबीसर लाल दिसतो, पेशींनी खाऊन आम्ल सोडलं की पिवळा पडतो. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी तो बदलायचा. पेशींना रविवार कळत नाही.

बाबांच्या पाठीलाही कळत नाही. पॅरालिसिस झाल्यापासून त्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, आणि सांभाळणारे मामा रविवारी सुट्टीवर. मागच्या महिन्यात माझं लॅबला जाणं राहिलं. सोमवारी बघते तर मीडिया लिंबू सरबतासारखा. ब्लीच घातलं, तीन आठवड्यांचं काम सिंकमध्ये ओतलं.

यावर लोक ‘टाइम मॅनेजमेंट’ शिकवतात. अहो, वेळ नाही, हात कमी पडतात!

हे ओळखलं जर्मनीच्या क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी. फळमाशीवरच्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालेल्या. स्वतःला मूल नाही, पण २००४ मध्ये त्यांनी एक संस्था काढली. ती लेकुरवाळ्या तरुण संशोधिकांना पैसे देते, तेही घरासाठी. कामाला बाई लावा, मूल सांभाळायला कोणी ठेवा, भांडी धुवायचं मशीन घ्या. आमच्या अकाउंट्सवाल्यांपुढे असं बिल ठेवायची माझी फार इच्छा आहे.

अमेरिकेत उलटा मार्ग. डोरिस ड्यूक फाउंडेशनने २०१५ मध्ये दहा मेडिकल कॉलेजांना निधी दिला. घरी लहान मूल, आजारी माणूस, थकलेले आईवडील असतील, तर त्या डॉक्टर-संशोधकाला संशोधनात मदतीचा हात. बाई असो वा पुरुष. तुम्ही घरी थांबा, मीडिया दुसरं कोणी बदलेल.

आपल्याकडे? मूळच्या पुण्याच्या कमल रणदिवे मुंबईत कर्करोगावर संशोधन करत. १९७३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी राहिली, आणि तिने वाशीत वसतिगृह आणि पाळणाघर काढलं. वैज्ञानिकांनी पाळणाघर! मला ते फार आवडतं. करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी केंद्र सरकारनेही २००२-०३ मध्ये योजना आणली. चांगलीच होती, पण गाडी सुटल्यावर मिळणारं तिकीट. आणि बाबांना कुठल्या पाळणाघरात ठेवू?

मला विचाराल तर अमेरिकेची तऱ्हा हवी. तोवर शेजारच्या लॅबमधल्या एकाला पटवलंय. या रविवारी माझा मीडिया तो बदलणार, दिवाळीत त्याच्या पेशी माझ्याकडे.