डोरा उठून गेली, तेव्हा फ्रॉइडला काय कळलं?

नमस्कार. मानसशास्त्रातला मनोगतिक दृष्टिकोन, म्हणजे सायकोडायनॅमिक ॲप्रोच, शिकवताना बहुतेक वेळा हिमनगाचं चित्र दाखवतात. वर दिसतं ते बोध मन, पाण्याखाली अबोध मन. पण त्या चित्रात काहीच हलत नाही, आणि 'गतिक' शब्दात तर हालचालच आहे. सांगून टाकावं आणि मुळीच सांगू नये, या दोन्ही ओढी मनात एकाच वेळी असतात. ही रस्सीखेच कधी स्वप्नात दिसते, कधी थेट शरीरात. म्हणून आज हिमनग बाजूला ठेवू या. मी तुम्हाला एका मुलीबद्दल सांगते.

व्हिएन्ना, ऑक्टोबर १९००. एक श्रीमंत कारखानदार आपल्या मुलीला सिग्मंड फ्रॉइडकडे, म्हणजे या दृष्टिकोनाचा पाया घालणाऱ्या डॉक्टरकडे, घेऊन आला. मुलगी जेमतेम अठराची. सतत खोकला, मधूनच आवाज पूर्ण बसायचा, आणि घरच्यांना तिची आत्महत्येची चिठ्ठी सापडली होती. फ्रॉइडनं लिहिताना तिचं नाव 'डोरा' ठेवलं. खरं नाव इडा बाउअर.

आता घरातली परिस्थिती बघा. वडिलांचे एका कौटुंबिक मित्राच्या बायकोशी संबंध होते. आणि तो मित्र डोराच्या मागे लागला होता. ती तेरा-चौदा वर्षांची असताना त्यानं तिला एकटी गाठून जबरदस्तीनं तिचं चुंबन घेतलं. पुढे दोनेक वर्षांनी एका तळ्याकाठी त्यानं तिच्याकडे प्रेमाची मागणी केली, तेव्हा तिनं त्याच्या थोबाडीत मारली. घरी सांगितलं. त्या माणसानं साफ नाकारलं, आणि वडिलांनी त्याचं खरं मानलं. वर फ्रॉइडला काय सांगितलं? हिला जरा ताळ्यावर आणा.

फ्रॉइडनं मात्र तिच्यावर विश्वास ठेवला. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण लगेच तो पुढे गेला: तुझं त्या माणसावर मनातून प्रेम आहे, तू ते दडपते आहेस. लहान वयात त्या प्रसंगी तिला किळस आली होती, तर ती किळससुद्धा त्यानं आजाराचं लक्षण ठरवली. मला हे वाचताना आजही राग येतो. एका मुलीला एका मोठ्या माणसाची किळस येते, यात आजार कुठला?

डोराला एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. घराला आग लागली आहे, वडील पलंगाशी उभे राहून तिला उठवताहेत. आई म्हणते, आधी दागिन्यांची पेटी वाचवू. वडील म्हणतात, तुझ्या पेटीसाठी मी माझी दोन मुलं जळू देणार नाही. जागी झाल्यावर तिला धुराचा वास यायचा. तिचे वडील धूम्रपान करायचे, तो मित्र करायचा, आणि समोर बसलेला फ्रॉइडही करायचा. म्हणजे त्या घरातून पळायचं होतं, तसंच कदाचित या खोलीतूनही.

आणि ३१ डिसेंबरला ती म्हणाली, आज शेवटचं. कधी ठरवलंस? पंधरा दिवसांपूर्वी. फ्रॉइडच्या लक्षात आलं, हे तर नोकरी सोडणाऱ्या दाईसारखं झालं, पंधरा दिवसांची नोटीस! तेव्हा डोरानं सांगितलं: त्या मित्राच्या घरी मुलांना सांभाळणारी एक बाई होती. 'बायकोकडून मला काही मिळत नाही' असं म्हणून त्यानं तिला जवळ केलं आणि नंतर टाकलं. तळ्याकाठी डोराशी बोलताना त्यानं तेच वाक्य वापरलं होतं. थोबाडीत बसली ती त्यावर.

अवघ्या अकरा आठवड्यांत उपचार तुटला. १९०५ मध्ये ही हकीकत छापताना फ्रॉइडनं चूक कबूल केली: ट्रान्सफरन्स मला वेळेवर ओळखता आला नाही. जुन्या माणसाविषयीच्या भावना नकळत नव्या माणसावर येऊन बसतात, तो ट्रान्सफरन्स. नवे साहेब नुसतं 'जरा केबिनमध्ये या' म्हणतात आणि तुमच्या पोटात गोळा येतो, तेव्हा केबिनमध्ये बहुधा दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं. डोराला फ्रॉइडमध्ये तो मित्र दिसू लागला होता, आणि त्याला जी शिक्षा द्यायची ती तिनं फ्रॉइडला दिली, असं फ्रॉइडचं म्हणणं.

मला यात अर्धंच सत्य दिसतं. फ्रॉइड खरोखरच त्या पुरुषांसारखा वागत होता. तुला काय वाटतं ते तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, असं. म्हणून आज या पद्धतीनं काम करणारा चांगला थेरपिस्ट मध्येच विचारतो, 'आत्ता माझा राग आला का?' आणि आपल्या मनात काय चाललंय, तेही तपासतो. एरवी त्याला अर्थ कितीही सुंदर लावता येवोत, समोरची व्यक्ती हातातून निसटते.

डोराचं पुढे काय झालं, ते फ्रॉइडनंच लिहून ठेवलंय. १९०२ मध्ये ती पुन्हा त्याच्याकडे आली, चेहरा दुखतो म्हणून. तेव्हा तिनं सांगितलं, की आदल्या वर्षी त्या मित्राचं एक मूल वारलं आणि ती समाचाराला गेली होती. तिथं तिनं त्याच्या बायकोला तोंडावर सांगितलं, माझ्या वडिलांशी तुमचे संबंध आहेत हे मला माहीत आहे. तिनं नाकारलं नाही. मग त्या माणसाकडून डोरानं तळ्याकाठचा प्रसंग कबूल करून घेतला, घरी आली, आणि वडिलांना सांगितलं.