पर्याय वाचण्याआधी: क्रिटिकल रिझनिंगचा सराव

श्रोतेहो, नमस्कार.

पदवीचं शेवटचं वर्ष आलं, की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत प्रवेश परीक्षांच्या गोष्टी सुरू होतात. कोणी राज्याच्या एमबीए सीईटीला बसतं, कोणी कॅटला, तर कोणी जीमॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन प्रवेश परीक्षेला. गणिताची धास्ती सगळ्यांनाच असते, पण गणितात निदान कुठे अडलो ते कळतं. क्रिटिकल रिझनिंगमध्ये, म्हणजे छोट्या उताऱ्यातला युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांत, तेच कळत नाही. पाचातले तीन पर्याय सहज बाद होतात, दोन उरतात आणि नेमका चुकीचा निवडला जातो. हे का होतं आणि सरावात काय बदलायचं, हा आजचा विषय.

आधी परीक्षेचं स्वरूप थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमॅट फक्त नव्या स्वरूपात होते. व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेच्या विभागात २३ प्रश्न, ४५ मिनिटं. वाक्यदुरुस्तीचे प्रश्न आता काढून टाकले आहेत. उरले आकलनाचे उतारे आणि क्रिटिकल रिझनिंग. व्याकरणाचे नियम घोकून गुण भरून काढण्याची सोय राहिली नाही. एका प्रश्नाला दोन मिनिटांहून थोडा कमीच वेळ मिळतो. सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद. तिथे उतारे छोटे असतात, गृहीतक कोणतं, निष्कर्ष निघतो का, असं थेट विचारतात. कसब मात्र दोन्हीकडे एकच.

कागद-पेन हाताशी असेल तर घ्या. आपण एक प्रश्न सोडवू. उतारा काल्पनिक आहे.

'एका गावात काही शेतकऱ्यांनी कपाशीत कामगंध सापळे, म्हणजे गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे लावले. त्यांच्या शेतात गुलाबी बोंडअळी इतरांपेक्षा बरीच कमी आढळली. तेव्हा पुढच्या हंगामात सगळ्यांनी सापळे लावले, तर गावातली बोंडअळी आटोक्यात येईल.' प्रश्न असा, की पुढीलपैकी कोणत्या विधानाने हा युक्तिवाद सर्वांत जास्त कमकुवत होतो? परीक्षेत पाच पर्याय असतात, ऐकायला सोपं जावं म्हणून इथे चारच घेऊ.

अ, सापळ्यातली ल्यूर, म्हणजे गंधाची गोळी, ठरावीक दिवसांनी बदलावी लागते आणि त्याला खर्च येतो. ब, सापळे लावणाऱ्या बहुतेकांनी आदल्या वर्षी फरदड, म्हणजे हंगामानंतरही तीच कपाशी राखून घेतलेलं पीक, घेतली नव्हती, इतर बहुतेकांनी घेतली होती. क, शेजारच्या गावात सापळे नसलेल्या काही शेतांतही अळी कमी होती. ड, या सापळ्यांचा पांढऱ्या माशीवर परिणाम होत नाही.

निष्कर्ष काय आहे? 'सगळ्यांनी सापळे लावले तर बोंडअळी आटोक्यात येईल.' त्याला आधार काय? सापळेवाल्यांकडे अळी कमी होती. मधली न सांगितलेली गोष्ट, म्हणजेच गृहीतक, अशी, की अळी कमी झाली ती सापळ्यांमुळेच. प्रहार करायचा तो इथे. ब नेमका तिथेच बसतो. फरदड ठेवली, की अळीला हंगाम संपल्यावरही खाद्य मिळतं आणि ती पुढच्या वर्षीच्या पिकावर येते. मग फरक सापळ्यांचा की फरदडीचा, हे सांगता येत नाही.

अ का चुकतो? खर्च येतो हे खरं, पण निष्कर्ष खर्चाबद्दल नाहीच. ड पांढऱ्या माशीबद्दल बोलतो, त्याचाही संबंध नाही. क मात्र मोहात पाडतो. उरलेल्या दोनांत बहुतेक वेळा असाच पर्याय असतो. विषय तोच, दिशाही बरोबर वाटते. पण शेजारच्या गावातल्या 'काही' शेतांत अळी कमी होती म्हणून या गावातली तुलना खोटी ठरत नाही. सापळ्यांशिवाय अळी कधीच कमी होत नाही, असं उताऱ्याने म्हटलेलंच नव्हतं.

या प्रश्नात आपल्याकडच्या मुलांसाठी आणखी एक सापळा आहे. ज्याच्या घरी कपाशी आहे त्याला ठाऊक असतं, की नुसती पाळत ठेवायला एकरी दोन सापळे लावतात आणि पतंग मोठ्या प्रमाणावर पकडायचे तर एकरी आठ-दहा लागतात. त्याचं डोकं लगेच म्हणतं, 'किती सापळे लावले हेच सांगितलेलं नाही!' माहिती खरी आहे, तरीही इथे ती बाजूला ठेवायची. उताऱ्यात जे दिलं ते खरं, पर्यायात जे दिलं तेही खरं, असं धरूनच विचार करायचा असतो. ओळखीच्या विषयावरचा प्रश्न अनेकदा याच कारणाने चुकतो.

'हे झालं, मग ते झालं, म्हणून यामुळेच ते झालं' अशा धाटणीचे उतारे फार येतात. त्यांना तीन प्रश्न विचारा. दुसरं काही कारण असेल का? कारण आणि परिणाम उलटे असतील का, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच अळी कमी होती त्यांनीच सापळे लावले असतील का? की नुसता योगायोग आहे?

आता सोडवण्याचा क्रम. आधी खालचा प्रश्न वाचा, म्हणजे उताऱ्यात काय शोधायचं ते कळेल. मग उतारा एकदाच, पण सावकाश वाचा. निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत मनाशी म्हणा, मराठीत म्हटला तरी चालेल. न सांगितलेलं काय राहिलं, ते एका वाक्यात ठरवा. पर्याय त्यानंतरच. बहुतेक जण घाईत पर्यायांकडे पळतात आणि प्रत्येक पर्याय वाचला की उतारा पुन्हा वाचतात. वेळ जातो तो तिथे.

निष्कर्ष सापडत नसेल तर संशयित वाक्याला 'का?' विचारा. उताऱ्यातलंच दुसरं वाक्य त्याचं उत्तर देत असेल, तर निष्कर्ष तोच. तो शेवटीच असतो असं नाही, कित्येकदा पहिल्याच वाक्यात असतो. 'देअरफोर' आणि 'बिकॉज' हे शब्द मुलं टिपतात, पण 'हाउएव्हर' सुटतो. लेखक आधी दुसऱ्या कोणाचं मत मांडतो आणि स्वतःचं बऱ्याचदा 'हाउएव्हर'नंतर सांगतो.

गृहीतक विचारलं असेल तर एक खात्रीची कसोटी आहे. पर्याय उलटा करून बघायचा. समजा उतारा असा आहे, 'रावेरहून दिल्लीला केळी ट्रकऐवजी रेल्वेने पाठवली तर भाडं कमी पडतं, म्हणून रेल्वेने पाठवणाऱ्याचा नफा वाढेल.' पर्याय आहे, 'रेल्वेच्या प्रवासात होणारी जादा नासाडी भाड्यातल्या बचतीइतकी नसते.' उलटा करा, नासाडीत सगळी बचत जाते. नफा वाढणं संपलं, युक्तिवाद कोसळला, म्हणजे हेच गृहीतक. दुसरा पर्याय, 'ट्रकचं भाडं पुढच्या वर्षी वाढेल.' उलटा करा, वाढणार नाही. काय बिघडलं? काहीच नाही. पर्याय बाद. उलटं करताना मात्र जपा. 'सर्व'चं उलट 'एकही नाही' होत नाही, 'सर्व नाहीत' होतं. 'काही'चं उलट मात्र 'एकही नाही' हेच.

टक्केवारीचे उतारे आकडे मांडून तपासा. एका वर्षी १००० परीक्षार्थींत २०० मुलं खान्देशची, म्हणजे २० टक्के. पुढच्या वर्षी २००० मध्ये ३००, म्हणजे १५ टक्के. टक्का घसरला, मुलं मात्र शंभराने वाढली.

अनुमानाचा प्रश्न वेगळ्या जातीचा. तिथे भरायची फट नसते, दिलेल्या माहितीतून हमखास निघणारं विधान हवं असतं. बरोबर उत्तर बहुतेक वेळा साधं, अगदी मिळमिळीत वाटतं. 'मोस्ट' म्हणजे निम्म्याहून जास्त, 'सम' म्हणजे निदान एक, हे पक्कं ठेवा. वर्गातले बहुतेक विद्यार्थी चाळीसगावचे आहेत आणि वर्गात बहुतेक मुली आहेत, एवढ्यावरून चाळीसगावची निदान एक मुलगी वर्गात आहे हे ठामपणे सांगता येतं. चाळीसगावच्या विद्यार्थ्यांत बहुतेक मुलीच आहेत, हे मात्र सांगता येत नाही.

सराव कसा करायचा? पहिले तीन आठवडे घड्याळ लावू नका. रोज आठ-दहा प्रश्न पुरेत. परीक्षा घेणाऱ्या जीमॅक या संस्थेनेच प्रसिद्ध केलेले प्रश्न वापरा. इकडून तिकडून जमवलेल्या प्रश्नसंचांत कधी दोन उत्तरं बरोबर निघतात, कधी एकही नाही, आणि मग आपण आपल्याच विचारावर शंका घेत बसतो. संस्था दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत देते. एक सुरुवातीलाच द्या, दुसरी परीक्षेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत राखून ठेवा.

चुकांची वही करा. प्रत्येक प्रश्नासाठी चार गोष्टी लिहा. निष्कर्ष काय होता, माझं उत्तर कोणतं, ते मला का पटलं आणि ते का चूक. तिसरी गोष्ट लिहायला मुलं कंटाळतात, पण सगळं मर्म तिच्यात आहे. 'घाई झाली' असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'निष्कर्ष खपाबद्दल होता, मी नफ्याबद्दल धरला' असं लिहा. महिन्याभराने वही चाळली, की आपली चूक कोणत्या दोन-तीन प्रकारांत फिरते ते दिसतं. बरोबर आलेला पण अंदाजाने मारलेला प्रश्नही वहीत घ्या. चुकलेले प्रश्न दहा दिवसांनी पुन्हा सोडवा आणि उत्तर नुसतं आठवत असेल तर उरलेले चार का चूक, ते मोठ्याने सांगा. दोन मित्र मिळून हे केलंत तर आणखी बरं, एकाने पर्यायाची बाजू घ्यायची, दुसऱ्याने तो पाडायचा.

दहातले आठ प्रश्न कारणांसह बरोबर यायला लागले, की घड्याळ लावा. दहा प्रश्न, वीस मिनिटं, मध्ये उठायचं नाही.

प्रत्यक्ष जीमॅटमध्ये अडीच मिनिटं होऊनही दोन पर्याय उरले असतील, तर निष्कर्षाचे शब्द पुन्हा एकदा वाचा, एक पर्याय निवडा, खूण करा आणि पुढे व्हा. विभाग संपल्यावर वेळ उरला तर खूण केलेल्या प्रश्नांकडे परत जाता येतं, पण एका विभागात जास्तीत जास्त तीनच उत्तरं बदलता येतात. प्रश्न कोरा सोडला तर गुण कापले जातात, म्हणून शेवटची दोन मिनिटं राहिली की आधी सगळ्या प्रश्नांना उत्तरं द्या, बदल त्यानंतर करा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तिथेही एकही प्रश्न रिकामा सोडू नका.