दिवस भरत आले

(दृश्य: डिसेंबरातली सकाळ. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. घराच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला कापूस.)

भाव चढेल म्हणून हा कापूस इथं थांबलाय. त्याच्या बाजूलाच खाट, कारण घरात दुसरी जागा उरली नाही. खाटेवर बसलेली ही या घरची लेक. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. कार्डावर बाळंतपणाची तारीख लिहिलीय १२ जानेवारी. आई म्हणते, "संक्रांतीच्या दोन दिस आधी."

ही तारीख काढायची रीत सोपी आहे. शेवटची पाळी सुरू झाली तो दिवस धरायचा, नऊ महिने पुढं जायचं, वर सात दिवस मिळवायचे. एकूण साधारण २८० दिवस. हिला तारीख सांगता येत नव्हती, पण पाळी पाडव्याच्या चार दिवस आधी आली होती हे पक्कं आठवत होतं. सणाला डोक्यावरून पाणी घेऊन मोकळी होते की नाही, याची तेव्हा धास्ती होती ना! पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीनंही जवळपास तोच दिवस दाखवला. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख दोन-तीन आठवडे मागंपुढं होऊ शकते, म्हणून पहिला कागद जपायचा.

आणि एवढं करूनही नेमकं तारखेला जन्मणारं बाळ शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे भरले की पुढं कधीही. म्हणजे २२ डिसेंबरपासून या घरानं तयार असायला हवं. आईच्या हिशेबात अजून वीस दिवस आहेत. आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकेच्या, हिशेबात एकही नाही.

(दृश्य: अंगणातून न्हाणीकडे जाणारा टॉर्चचा उजेड. थंडीची रात्र.)

पोट खाली उतरलंय. बाळाचं डोकं ओटीपोटात बसायला लागलं की असं होतं. पहिलटकरणीत हे बहुधा दोन-चार आठवडे आधीच होतं. छातीवरचा दाब हलका होतो, दम लागत नाही, पण लघवीला रात्रीतून चार-चारदा उठावं लागतं. कंबर धरते, पोटऱ्यांत गोळे येतात. उताणं झोपू नये, कुशीवर झोपावं, डावी कूस बरी. संध्याकाळी पाय सुजतात, तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. तोंड आणि हात सुजले, डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखलं, तर मात्र तासाभराचाही उशीर नको. हे बीपी वाढल्याचं लक्षण असतं आणि त्यातून झटके येऊ शकतात.

आजी वेगळंच सांगते. "नवव्यात पोटभर नाही खाव वो. पोरगं मोठं होते, मंग अडते." आजीला कोण बोलणार? पण या दिवसांत बाळ आठवड्याला दोनेकशे ग्रॅम भरतं. जन्मताना अडीच किलोच्या आत राहिलेलं बाळ लवकर गार पडतं, त्याला दूध ओढायला त्रास होतो. भाकर कमी करून बाळंतपण सोपं होत नाही, बाळ तेवढं अशक्त होतं. आशाताईनं आजीशी वाद घातला नाही. ताटात तुरीचं वरण, जवसाची चटणी आणि आणखी अर्धी भाकर वाढून दिली. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं म्हणून लेकीनं ती बंद केली होती, तीही चालू करायला लावली. चहाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नाही.

(दृश्य: दुपार. लेक डाव्या कुशीवर. पोटावर हात.)

जेवण झाल्यावर ती रोज अशी पडते आणि मोजते. लाथ, ढुशी, कूस बदलणं, सगळं धरायचं. जागं बाळ दोन तासांत दहा वेळा हालतं, बहुतेकदा त्याच्या कितीतरी आधीच. शेजारणी सांगून जातात, "आता जागाच नाही उरली, कसं हालंन?" हे खरं नाही. नवव्यात हालचालीची तऱ्हा बदलते, उसळी मारण्याऐवजी ते लोळतं, सरकतं. पण ते गप्प पडत नाही. दोन तासांत दहा भरले नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटलं, तर सकाळ होण्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा. पोटाला कान लावून "हाय, हाय, जिवंत हाय" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नये.

(दृश्य: वही. पानावर वेचणीचा हिशेब. नावापुढं किलो, किलोपुढं पैसे.)

या वहीत तिचा भाऊ वेचणीची मजुरी लिहितो. ३ जानेवारीच्या रात्री त्याच पानाखाली त्यानं दुसरेच आकडे लिहिले. ९.४०. १०.२५. १०.५०. पुढं काही नाही.

"दुखून रायलं का वो?" फोनवर आशाताई.

"दुखते, मंग आपोआपच थांबते."

"पाणी पे, जराशी फिर. नाही थांबलं तर सांग."

थांबलं. या खोट्या कळा. पोट दगडासारखं होतं आणि सुटतं, पण अंतर वेडंवाकडं असतं, जोर वाढत नाही, आणि फिरलं किंवा आडवं झालं की जातात. खऱ्या कळा कमरेतून निघून पुढं येतात, प्रत्येक मागचीपेक्षा लांब आणि जवळ असते, काही केल्या थांबत नाही. त्याआधी कधी चिकट, किंचित रक्त लागलेला स्राव जातो. तो आला म्हणजे लगेच सुरू झालं असं नाही, एखाद-दोन दिवसही जातात. धार लागल्यासारखं रक्त गेलं तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा गाडीच बोलवायची. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघायचं, आणि निघताना पाण्याचा रंग बघून घ्यायचा. हिरवट किंवा मातकट असेल तर दवाखान्यात पाय ठेवताच आधी ते सांगायचं.

(दृश्य: पावसाळा. गडचिरोली जिल्ह्यातलं भामरागड. पर्लकोटा नदीवरचा बुडालेला पूल.)

लेकीच्या माहेराहून ग्रामीण रुग्णालय १८ किलोमीटर, गाडीनं गाठता येतं. गडचिरोलीत हा हिशेब चालत नाही. पर्लकोटा चढली की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि पलीकडच्या गावांतून बाई खाटेवर घालून आणावी लागते. म्हणून आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना लागून माहेरघरं आहेत. तारीख जवळ आली की बाईनं तिथं येऊन राहायचं, सोबतीला घरचं माणूस, लहान लेकरू असेल तर तेही. नाव ज्यानं कुणी सुचवलं, त्याला बायकांचं मन कळत होतं.

(दृश्य: खुंटीवरची पिशवी.)

पिशवीत कार्ड, आधार, पासबुक, सोनोग्राफीचे कागद. आजीनं बाळाला नवे कपडे आधी घेऊ दिले नाहीत, म्हणून जुनं सुती लुगडं फाडून, धुऊन, कडक उन्हात वाळवलंय. त्याहून चांगलं काय असणार! सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा, रिपोर्ट वरच ठेवलाय, विदर्भात तो विसरून चालत नाही. रक्त द्यायला लागलं तर कोण येणार, ती दोन नावं भावाच्या फोनमध्ये आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. डिझेलचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.

दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. ९ जानेवारीला डॉक्टरांनी पोट तपासलं. डोकं खाली, बीपी ठीक.

१० जानेवारीची रात्र. वहीत आकडे. १.१०. १.२२. १.३२. १.४०. १.४७.

भावानं १०२ लावला. गाडी येईपर्यंत लेक दाराची चौकट धरून उभी, आई तिची कंबर चोळतेय. पिशवी घेताना खांद्यावरच्या शालीला कापूस चिकटलाय, कुणाच्या लक्षात नाही. गाडी सुरू झाल्यावर आई पुढं वाकून ड्रायव्हरला सांगते, "भाऊ, नाल्याच्या पुलावर हळू घ्याल. तिथं खड्डा हाय."