सहाशे एक्केचाळीसने भाग जातो

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर एक संख्या लिहून घ्या: ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. बत्तीस वेळा दोन मांडून सगळ्यांचा गुणाकार केला आणि त्यात एक मिळवला, की ही संख्या येते.

तिच्या आधीची भावंडं पाच. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. संख्येतून एक काढायचा, उरलेल्याचा वर्ग करायचा, एक परत मिळवायचा, की पुढचं भावंड तयार. ही पाचही मूळ संख्या आहेत. सतराव्या शतकात फ्रान्सच्या पिअर द फर्मा यांना खात्री वाटत होती, की पुढेही सगळ्या मूळच निघतील. ताडून पाहणार कसं? या सहाव्या संख्येचं वर्गमूळच ६५ हजारांच्या पुढे जातं, आणि तिथपर्यंत साडेसहा हजार मूळ संख्या आहेत. एकेकीने हाताने भाग द्यायचा!

१७२९ मध्ये गणितज्ञ गोल्डबाख यांनी दुसरे गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांना पत्रातून याबद्दल विचारलं. १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवून दिलं, की ६४१ ने तिला निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो ६७,००,४१७. पुढे त्यांनी हेही सिद्ध केलं, की या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवूनच मिळतो. अशा मूळ संख्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. साडेसहा हजारांऐवजी पाच भागाकार! मला हे आजही विलक्षण वाटतं.

खरं तर एकही भागाकार न करता हे पटवता येतं. ६४१ म्हणजे पाच गुणिले १२८, अधिक एक. म्हणून ६४१ ने भागताना ‘पाच गुणिले १२८’ ची बाकी उणे एक धरता येते. तिचा चौथा घात केला की बाकी एक. म्हणजेच ६२५ गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात, याची बाकी एक. आता गंमत बघा, ६२५ आणि १६ मिळूनही ६४१ च होतात! तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ घाला. सोळा म्हणजे दोनचा चौथा घात. अठ्ठावीस आणि चार, बत्तीस. दोनच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक आली. त्यात एक मिळवला, की शून्य.

या घराण्यातली सातवीपासून तेहतिसावीपर्यंतची प्रत्येक संख्या संयुक्त निघाली आहे. चौतिसावीत अडीच अब्जांहून जास्त अंक आहेत. ती मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागलेला नाही.

नमस्कार.